पेट्रोल पुरुमेंतात बसत नाही

गोव्याच्या सत्तरी तालुक्यातल्या एका वाचक ताईंचं सहा पानी पत्र आलंय. थोडक्यात असं: नवरा तारवटी, वर्षाचे आठ-नऊ महिने बोटीवर. घरी त्या, सात वर्षांचा मुलगा आणि ७१ वर्षांचे सासरे. भोवती कुळागर, म्हणजे माड-सुपारीची बाग, वर डोंगराला काजू. सासरे मे महिन्यात पुरुमेंत, म्हणजे पावसाळ्याची बेगमी, म्हणून मीठ, मिरची, सोलं भरतात तसं पेट्रोलही भरून ठेवतात. यंदा भरलं सुमारे ४० लिटर. निम्मं कोल्ड्रिंकच्या बाटल्यांत, निम्मं निळ्या प्लास्टिक कॅनांत, आणि सगळं स्वयंपाकघराला लागून असलेल्या कोठीत. यंत्रं तीन: गवत कापायचं मशीन, २ केव्हीएचा जनरेटर आणि पेट्रोलवर सुरू करून रॉकेलवर चालवायचा जुना पंप. जुलैत गवताचं मशीन चालता चालता बंद पडलं. मेकॅनिक म्हणाला पिस्टन गेला, साडेतीन हजार. जनरेटरची दोरी ओढून ओढून सासऱ्यांचा खांदा धरला. बाहेर पाऊस, म्हणून जनरेटर ते पडवीत लावतात. काही बोललं की म्हणतात, "चाळीस वर्षं ठेवतोय, काय झालं?" नवरा फोनवरून सांगतो, सगळं भंगारात घाल आणि इन्व्हर्टर घे. चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला, पंचवीस माणसं जमणार, समई अखंड तेवणार. "मला मशीनमधलं काही कळत नाही, घरात भांडण नको आणि झोपही लागत नाही. मी काय करू?"

ताई,

तुमच्या पत्रात पेट्रोलावर दीड पान आहे आणि जनरेटरवर जेमतेम एक ओळ. मी अडकले ती त्या ओळीवर. म्हणून पेट्रोलाचं थोडं थांबू दे. आज रात्री वीज गेली तर काय करायचं ते आधी सांगते.

जनरेटर पडवीत लावायचा नाही. दारापुढच्या बाल्कांवात नाही, खिडकीखाली नाही, दारं उघडी टाकूनही नाही. इंजिनाच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला रंग नाही, वास नाही. धुराचा म्हणून जो वास आपल्याला येतो तो इतर गोष्टींचा, त्यामुळे वास गेला म्हणजे वायू गेला असं धरून चालत नाही. आपली कौलारू घरं हवेशीर असतात हे खरं, पण झड आत येते म्हणून पडवीला ताडपत्री आपणच बांधतो ना? डोकं जड होणं, मळमळणं, गळून गेल्यासारखं वाटणं हे सगळं आपण पावसाळी हवेच्या नावावर खपवतो. झोपलेल्या माणसाला तर तेवढंही कळत नाही. तो उठतच नाही.

घरापासून निदान वीस फुटांवर चिऱ्यांचा एक ओटा बांधून घ्या. त्यावर चार खांब आणि एक पत्रा, बाजू मोकळ्या. पावसाळी वारा आपल्याकडे नैर्ऋत्येकडून येतो, म्हणून जमलं तर ओटा घराच्या ईशान्येला घ्या आणि धुराचं तोंड घराकडे पाठ करून ठेवा. गवंड्याचं एका दिवसाचं काम आहे. चवथीआधी होतं.

तुम्ही लिहिलेलं नाही तरी एक विचारते: जनरेटरची वीज घरात येते कशी? दोन्ही टोकांना प्लग असलेली वायर भिंतीतल्या सॉकेटला लावत असाल तर ती वायर आजच कापून टाका. मेन स्विच पाडायचा एकदा विसरला की तुमची वीज उलटी खांबावर जाते, ट्रान्सफॉर्मरमध्ये तिचे हजारो व्होल्ट होतात आणि लाइन मेली आहे असं समजून वर चढलेल्या लाइनमनला ती लागते. तो माणूस भर पावसात तुमचीच वीज जोडायला आलेला असतो. परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडून चेंजओव्हर स्विच बसवून घ्या. तो घराला एका वेळी एकच जोडतो, खांबावरची लाइन किंवा जनरेटर.

आता कोठी. १९३४ च्या पेट्रोलियम कायद्याप्रमाणे विक्रीसाठी नसलेलं पेट्रोल विनापरवाना ३० लिटरपर्यंतच ठेवता येतं. भांडं घट्ट बुचाचं हवं. धातूचं असेल तर २५ लिटरपर्यंत, काचेचं किंवा चिनी मातीचं असेल तर एका लिटरपर्यंत. प्लास्टिकचं नाव त्यात नाही. म्हणजे तुमची कोठी मापातही चुकली आणि भांड्यातही. पण बाबांना कायदा दाखवायची घाई करू नका. ज्या माणसाने आयुष्यभर कुळागर सांभाळलं त्याला सुनेने कलम वाचून दाखवलं तर पेट्रोल कोठीतच राहील आणि बोलणं तेवढं बंद होईल.

कायद्याहून जवळची गोष्ट आहे वाफेची. पेट्रोलची वाफ शून्याखाली चाळीस अंशांतही पेट घेण्याइतकी उठते, मग आपल्या उकाड्याचं काय बोलायचं! आणि ती हवेपेक्षा तीन-चार पट जड असते. वर जात नाही, जमिनीवरून सरपटते, उंबरा उतरते, सखल जागी साचते. सैल बुचाच्या एका बाटलीतून निघालेली वाफ कोठीतून स्वयंपाकघरात यायला कुणाचा धक्का लागत नाही. तिथे शेगडी, फ्रिजची ठिणगी. चवथीत गणपतीवर टांगलेल्या फळा-पानांच्या माटोळीखाली जमिनीवर समई. कॅन दहा फूट लांब आहे म्हणून निर्धास्त राहू नका. वाफ ज्योतीपर्यंत पोचली की आग त्याच वाटेने मागे कॅनपर्यंत जाते.

कोल्ड्रिंकच्या बाटल्या मात्र आजच हलवा, हे पत्र वाचून संपायच्या आधी. घरात सात वर्षांचं पोर आहे आणि चवथीला आणखी पोरं येणार. देव न करो, पण कुणी घोट घेतलाच तर उलटी करवू नका. वर येताना ते फुफ्फुसात गेलं तर जास्त घात करतं. सरळ दवाखाना गाठा.

आता 'चाळीस वर्षं काही झालं नाही' याकडे येते. तुम्ही हे हट्ट म्हणून लिहिलंय. मला त्यात हट्टापेक्षा अनुभव जास्त दिसतो. ज्या घराचा रस्ता व्हाळाला पूर आला की बंद होतो, जिथे फांदी पडली की दोन-दोन दिवस वीज येत नाही, तिथे भरून ठेवणाऱ्या माणसानेच घर चालवलं आहे. पुरुमेंत ही काही खुळी रीत नव्हे. शिवाय बाबांनी ज्या पेट्रोलावर हा अनुभव घेतला ते खरोखरच टिकाऊ होतं. फरक पडलाय तो पेट्रोलमध्ये, आणि तो त्यांना कुणी सांगितलेला नाही.

आज पंपावर मिळणाऱ्या साध्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. २०२३ पासून ते टप्प्याटप्प्याने आलं आणि आता जवळपास सगळीकडे तेच आहे. इथेनॉल म्हणजे फेणीत असतो तोच अल्कोहोल. पाण्याशी त्याची दोस्ती केवढी, ते आपल्या गोव्यात कुणाला समजावून सांगायला नको. चार महिन्यांत तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो तिथल्या हवेतली ओल अर्धवट भरलेल्या, सैल बुचाच्या कॅनमधलं पेट्रोल ओढून घेतं. ओल प्रमाणाबाहेर गेली की इथेनॉल आणि पाणी मिळून तळाला बसतात. इंजिनाला पेट्रोल जातं तेही तळातूनच. दोरी ओढून बाबांचा खांदा जातो, पण प्लगला ठिणगी असली तरी पेटायला खाली पेट्रोल नसतं. त्यात जुन्या मशीनच्या रबरी नळ्या आणि कार्बोरेटरमधला पडदा हे इथेनॉलसाठी बनलेलेच नाहीत. ते आधी फुगतात, मग ताठरतात.

फेणी मुरते. पेट्रोल हुर्राकासारखं, म्हणजे काजूच्या पहिल्या धारेच्या दारूसारखं, त्या त्या वेळचं. घट्ट धातूच्या कॅनमध्ये, सावलीत, मी त्याला दीड महिना देते. कडेपर्यंत भरलेलं असेल तर दोन.

हे बाबांना तोंडाने सांगू नका, दाखवा. दिवसाउजेडी अंगणात, चुलीपासून लांब, मुलगा शाळेत गेल्यावर, एका उभट काचेच्या बाटलीत १०० मिली पेट्रोल घ्या. बाहेरून १० मिली पाण्याची खूण करून तेवढं पाणी ओता, बूच लावून हलवा आणि दहा मिनिटं ठेवा. तळाला १० मिली पाणी दिसायला हवं ना? दिसेल २५ ते ३० मिली. वाढलेलं सगळं पेट्रोलमधून सुटलेलं इथेनॉल. बाटली बाबांच्या हातात द्या आणि तुम्ही गप्प राहा. मी हे माझ्या एका काकांना दाखवलं तेव्हा ते बराच वेळ बाटलीकडे पाहत राहिले, मग पंपवाल्याला एक सणसणीत शिवी दिली. राग योग्य ठिकाणी गेला, मी सुटले.

त्यानंतर वही काढा आणि हिशेब बाबांनाच करायला लावा. जनरेटर मध्यम भारावर तासाला पाऊण ते एक लिटर पितो. गवताचं मशीन थोडं कमी. आठवड्याला चार तास गवत आणि सहा तास जनरेटर धरला तरी दहा लिटरच्या आत. म्हणजे रस्ता आठवडाभर बंद राहिला तरी दहा लिटर पुरतात. पाच-पाच लिटरचे दोन धातूचे कॅन बस. एक वापरात, एक राखीव. राखीव कॅन दर महिन्याला गाडीत ओतायचा आणि ताजा भरून आणायचा. जपलेलं काहीच शिळं होत नाही, आणि भरून ठेवल्याचं बाबांचं समाधानही शाबूत राहतं. भरताना कॅन गाडीच्या डिकीत किंवा स्कूटरच्या पायाशी ठेवून नको, पंपावर जमिनीवर ठेवून भरा. नुसत्या घर्षणाच्या विजेने वाफ पेटू शकते. तोंडाशी थोडी जागा मोकळी सोडा, उन्हात पेट्रोल फुगतं. आणि कॅनवर तारीख लिहा, रंगाने.

कॅन ठेवायची जागा मांगरात, म्हणजे बागेतल्या खोपीत, नको. तिथे माडाची चुडतं आणि सोडणं रचलेली असतात, शिवाय काजूच्या दिवसांत भट्टी शेजारी पेटते. अंगणाच्या कडेला, सावलीत, चिऱ्यांची दोन फुटी पेटी करा. तळाशी दोन भोकं ठेवा म्हणजे जड वाफ खालून निघून जाईल. पत्र्याचं झाकण, कुलूप, आणि आत लाकडी फळी, नाहीतर ओल्या जमिनीवर कॅन एका पावसात गंजतो. जवळ वाळूची बादली ठेवा. पेटलेल्या पेट्रोलवर पाणी मारायचं नाही, ते पाण्यावर तरंगत आणखी पसरतं.

तुमच्या मशीनच्या पिस्टनबद्दल माझा एक संशय आहे. मशीन टू-स्ट्रोक असेल तर त्याला पेट्रोलमध्ये ऑइल मिसळूनच द्यावं लागतं. बहुतेकांना लिटरला २० मिली, काहींना २५ ते ४०. नेमका आकडा टाकीच्या झाकणावर किंवा पुस्तिकेत असतो. ऑइलला निळा-हिरवा रंग देतात तो ओळखण्यासाठीच. पण हिरव्या बाटलीत तो रंग दिसणार कसा? एकसारख्या दहा बाटल्यांत काही मिसळलेल्या, काही कोऱ्या, आणि घाईत हाताला कोरी लागली. कोऱ्या पेट्रोलवर टू-स्ट्रोक इंजिन थोडा वेळ झकास चालतं आणि मग पिस्टन सिलिंडरला धरतो. मेकॅनिकला जुना पिस्टन मागा. त्यावर उभे ओरखडे असतील तर साडेतीन हजार बाटल्यांच्या सारखेपणाने घेतले, मशीनच्या वयाने नाही. यापुढे मिसळलेलं पेट्रोल लाल कॅनमध्ये, एका वेळी एकच लिटर, महिन्याच्या आत संपवायचं.

'मला मशीनमधलं काही कळत नाही' हे वाक्य तुमच्या पत्रात तीनदा आलंय. तुम्ही स्कूटर चालवता, मिक्सरचा कपलर स्वतः बदलता, हेही त्याच पत्रात आहे. ही लहान इंजिनं त्याहून फार अवघड नाहीत. त्यांना हवा, ताजं पेट्रोल आणि ठिणगी लागते. बिघाड बहुतेक वेळा याच तिघांत असतो. फिल्टरचा स्पंज साबणाच्या पाण्यात धुवून, वाळवून, तेलाचे दोन थेंब चोळून परत बसवायचा. प्लग काढून काजळी पुसायची. टू-स्ट्रोक नसलेल्या इंजिनाचं ऑइल काठीवर पाहायचं, नव्या इंजिनाचं पहिलं ऑइल १०-२० तासांतच बदलायचं. गवताच्या मशीनच्या पात्यापाशी गिअरची डबी असते. तिला ग्रीस लागतं हे अर्ध्या गोव्याला माहीत नाही, आणि त्यावर मेकॅनिकांचं बरं चाललंय.

इंजिन मरतं ते बसून. मी स्वतः एका दिवाळीनंतर मशीन टाकीत पेट्रोल ठेवून खुंटीला टांगलं आणि जूनमध्ये खाली काढलं. मेकॅनिकने कार्बोरेटर उघडला तर आत पिवळट डिंक आणि पडदा पापडासारखा कडक. म्हणाला, "बाई, हे बिघडलं नाही, आंबलंय." दीड हजार गेले. तेव्हापासून माझा नेम: दसऱ्याला झेंडूची माळ घालण्याआधी यंत्र साफ, आणि दिवाळीत शेवटचं गवत कापलं की टाकी रिकामी. टाकी ओतून झाल्यावर मशीन सुरू करून आपोआप बंद पडेपर्यंत चालवायचं, म्हणजे कार्बोरेटरही कोरडा होतो. प्लग काढून आत चमचाभर इंजिन ऑइल, दोरी दोनदा हळू ओढायची, प्लग परत लावायचा. मग दोरी पुन्हा हळू ओढून जिथे जड लागते तिथेच सोडायची. चार-स्ट्रोक इंजिनात तिथे दोन्ही व्हॉल्व्ह मिटलेले असतात, सिलिंडरमध्ये ओल शिरत नाही. जनरेटर मात्र वर्षभर महिन्यातून एकदा पंधरा मिनिटं, दोन दिवे लावून चालवा. आणि कुठल्याही गरम इंजिनात पेट्रोल भरू नका. चहा घेऊन या, मग भरा.

ही सगळी कामं बाबांच्या हातची आहेत, ती तुम्ही अंगावर घेऊ नका. तुम्ही वही धरा: कॅनची तारीख, ऑइलची तारीख, प्लग कधी बदलला. दुखऱ्या खांद्याच्या माणसाला दोरी ओढायला मदतनीस हवाच आहे, आणि सुनेने 'बाबा, हे कसं उघडायचं?' असं विचारलं तर ते तासभर बोलतील असा माझा अंदाज आहे.

यजमानांचा इन्व्हर्टरचा सल्ला निम्मा बरोबर आहे. चार एलईडी दिवे आणि दोन पंखे मिळून १८० वॉटच्या आसपास. चांगल्या अवस्थेतल्या १५० अँपिअर-तासाच्या बॅटरीवर ते सहा-सात तास चालतात, रात्र निघते. तेवढ्यासाठी इंजिन लावणं खरंच वेडेपणा. पण सलग दोन दिवस वीज नसेल तर बॅटरी दुसऱ्या रात्री मान टाकते. फ्रिज आणि मुख्य म्हणजे बावीचं पाणी यांसाठी जनरेटर लागतोच. तिथेही एक पाहून घ्या: १ एचपीची मोटर सुरू होताना काही पट वीज ओढते, तुमच्या २ केव्हीएच्या जनरेटरला ती झेपेलच असं नाही. इलेक्ट्रिशियनसमोर एकदा लावून बघा. तेव्हा भंगारात जायचंच असेल तर तो रॉकेलचा पंप जाऊ दे. मोटर जनरेटरवर चालली तर त्याचं काम उरत नाही. बाकी दोन यंत्रं ठेवा.

वाचकांपैकी ज्यांच्याकडे पॉवर टिलर आहे त्यांच्यासाठी एवढंच: डिझेल जास्त टिकतं, पण अर्ध्या टाकीत पावसाळी ओल थेंब होऊन तळाला बसते आणि त्या पाण्यावर शेवाळासारखा चिकटा धरतो. टिलर ठेवताना टाकी भरून ठेवा आणि फिल्टरच्या तळाचा स्क्रू सोडून पाणी काढत जा.

राहिलं ते आज कोठीत असलेलं पेट्रोल. प्रत्येक बाटलीतलं थोडं उजेडात, काचेच्या भांड्यात पाहा. स्वच्छ असेल, तळाला थर नसेल आणि त्यात ऑइल मिसळलेलं नसेल तर तीन-चार लिटर एका वेळी, गाडीची टाकी ताज्या पेट्रोलने बरीच भरलेली असताना ओता. गढूळ असेल, थर दिसत असेल किंवा आंबट, वार्निशसारखा वास येत असेल तर मेकॅनिककडे द्या. तो सुटे भाग धुवायला वापरतो. व्हाळात नाही, बावीजवळ नाही, माडाच्या आळ्यात तर मुळीच नाही. इंजिनातून काढलेलं काळं ऑइलही त्यालाच द्या. वाळवी लागू नये म्हणून वाशांना ते चोळायची पद्धत मी पाहिली आहे, पण स्वयंपाकघरावरच्या लाकडाला कुणी चोळू नये.

रिकामी कोठी, ओटा आणि चेंजओव्हर स्विच चवथीआधी, बाकीचं दसऱ्यापर्यंत चाललं तरी हरकत नाही. आणि प्रयोगाची ती काचेची बाटली कितीही धुतली तरी स्वयंपाकघरात परत नेऊ नका.